बारा घोंगडी कोट आणि एक मॅनेजर

मॅनेजमेंट रक्तात असावं लागतं राव! आमच्या घराण्यात ते माझ्यापासून सुरू झालं. आजोबा मेंढरं राखायचे, वडिलांनी मेंढरं विकून कांदा लावला, आणि मी, भगवंत, २००६ साली येडगावात फॅशनचा मॅनेजर झालो. कोणी नेमलं म्हणाल, तर मीच!

माझी चुलती तानूबाई आणि तिच्या सहा मैत्रिणी अजून हातानं लोकर कातून घोंगड्या विणायच्या. घेणारं कोणी उरलं नव्हतं. पोरं म्हणायची, टोचतं. अशात पुण्याच्या प्राची मॅडम आल्या. त्यांचं कपड्यांचं दुकान होतं. कापड हातमागाचं, मजुरी वाजवी, आणि प्रत्येक कपड्यावर तो करणाऱ्या बाईच्या नावाची कापडी चिठ्ठी! त्यांनी घोंगडीचे बारा कोट सांगितले. अट एकच, कुठंही मशीन लागता कामा नये.

चार महिने सात जणी खपल्या. पण कोट काय झाले होते! काळेभोर, भारदस्त, एखाद्या मामलेदारानं घालावेत असे. शेवटच्या कोटावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी टाचताना काकी म्हणाली, "जल्मात पयल्यांदा कशाला तरी माजं नाव लागलं बघ. सातबाऱ्यावर बी न्हाई."

दुसऱ्या दिवशी बाया बेल्ह्याच्या बाजाराला गेल्या. कोट माझ्या ताब्यात. सहज नाक लावलं. मेंढी! निव्वळ, जिवंत मेंढी! पुण्याची बाई हा कोट घालून लग्नाला गेली, तर मांडवात कळप शिरल्यासारखं वाटायचं!

घरात बायकोचं नवंकोरं वॉशिंग मशीन होतं. बंबातलं कढत पाणी ओतलं, दोन मुठी पावडर टाकली, चार कोट कोंबले आणि चावी फिरवली. बाहेर काढले तर जरा आखडलेले दिसले. ओली लोकर आखडणारच, वाळली की सुटेल, असा तांत्रिक विचार करून मी दुसरी खेप टाकली. तिसरी आत गेली आणि लाईट गेली.

तोवर तारेवर कडक उन्हात पहिले कोट वाळत आले होते. सुटले नव्हते! बारशाला नेता येतील एवढे झाले होते. मी ओढले, त्यांच्यावर बसलो, बाह्यांना विटा बांधल्या. एक बाही तेवढी लांबली, तीसुद्धा एकाच बाजूनं!

तेवढ्यात दारात गाडी वाजली. प्राची मॅडम! एक दिवस आधीच!

"भगवंतराव, कोट झाले?"

"झाले की! हा बालविभाग."

"आणि मोठे?"

"मोठे व्हायचेत अजून!"

मॅडमनी कोटावरून हात फिरवला. "किती दाट झालंय हो कापड! कसं केलंत?"

"परंपरेनं! मशीन आमच्या वाऱ्याला उभं राहत नाही, मॅडम!"

आणि लाईट आली. आतलं मशीन असं गडगडलं की दारापर्यंत नाचत आलं!

त्याच वेळी बाजाराचा टेम्पो थांबला. बाया उतरल्या, काकीनं तारेवरचा कोट हातात घेतला. नावाची चिठ्ठी तेवढी आटली नव्हती, त्यामुळं ती कोटाला मोठी होत होती. काकी मॅडमकडं वळली.

"मॅडम, ह्यानं काय बी सांगितलं आसंल, खरं मानू नगा. मशीनीत घातलंय त्यानं. आमचं चार महिनं व्हतं ह्यात."

मॅडमचा चेहरा उतरला.

"बारा कोट आमी पुन्यांदा करू," काकी म्हणाली. "पर ह्ये दाट कापड तुमाला आवडलं आसंल, तर त्याला मशीन लागत न्हाई. माजा सासरा घोंगडं कढत पान्यात टाकून पायानं तुडवायचा. लेकरांचे कोट लई झ्याक व्हतील."

"चालेल!" मॅडम एकदम खुलल्या. "पंचवीस करा. पण तुडवणार कोण?"

सातही जणींनी माझ्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही, पायांकडं.

पुढच्या सोमवारी अंगणात काहील मांडली, तिच्यात न विकलेली जुनी घोंगडी टाकली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मी आत उतरलो. बघायला निम्मं येडगाव जमलेलं. म्हटलं, आता सूत्रं हातात घ्यावीत.

"काकी, पाऊल कुठल्या कोनात पडलं म्हणजे कापड एकसारखं बसेल, त्याचं आधी नियोजन करू."

काकीनं चष्मा लावला आणि काहिलीत वाकून बघितलं.

"नियोजन ऱ्हाऊ दे. आधी भायेर ये आन् नखं काप. लोकर गुततीया."

कापली हो. दहाच्या दहा.