चुलीत नापास झालेली वाइन

या खेपेस साडूपुढे मान खाली घालायची नाही, असं अजयने ठरवलं, आणि त्याने काही ठरवलं की जे होतं तेच पुढे झालं.

साडू म्हणजे प्रणित, अजयच्या बायकोच्या, पुनमच्या थोरल्या बहिणीचा, चंचलचा नवरा. नागपूरला राहतो, आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्याने आधीच खाल्लेली, प्यालेली किंवा नापसंत केलेली असते. तो पोंभुर्ण्याला अजयकडे आला की वर्षानुवर्षं एकच कार्यक्रम: प्रणित बोलतो आणि अजय पापड आणतो.

म्हणून अजयने खास नागपूरहून लॅम्ब्रुस्को आणली. इटलीची लाल वाइन, तीही किंचित फसफसणारी. ती गारेगार प्यायची आणि सोबत चरबीचं मटण, खारट चीज असं काहीतरी हवं, हे त्याने मोबाइलवर इतक्यांदा पाहिलं की पुनमला त्या इटालियन माणसाचा आवाज पाठ झाला. (अर्थ कुणालाच कळला नव्हता, अजयलाही नाही.)

"मी सांबारवडी तळतो," पुनम म्हणाली.

"इटलीच्या वाइनसोबत कोथिंबिरीची वडी? लोक हासतीन ना वं."

"कोन्ते लोक? इटलीचे पावने येऊन राह्यले का?"

अजय तणतणत बाजारात गेला. चीज म्हणून बेकरीतले चौकोनी तुकडे मिळाले. तेवढे आणि मटण घेऊन तो परतला, तर बाटली फ्रिजमध्ये नव्हती. ती मागच्या अंगणात चुलीजवळ उघडी उभी होती, आणि शेजारी त्याचे वडील, सोमाजी, घरात काही वाईट घडल्यासारखे बसले होते.

"बाबा, काऊन उघडली?"

"तपासली. तुले ठगवलं ना बापा दुकानदारानं. घोटभर चुलीत टाकली, तं भडकाच नाई. उलटी चूल इझली. आन् फेस येऊन राह्यला होता, म्हंजे आंबली."

सोमाजींना दारूची हीच एक परीक्षा ठाऊक. मोहाची चांगली असली की विस्तवावर भपकन पेटते. न पेटणारी पाहुण्यापुढे ठेवायची म्हणजे घराण्याची लाज गेली. अजयने कपाळावर हात मारला.

"बाबा, वाइन पेटत नाई."

"मंग पेतेत कायले?"

यावर त्या इटालियन माणसानेही काही सांगितलं नव्हतं.

"तू फिकर नोको करू," सोमाजी मायेने म्हणाले. "अर्धी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली आन् वरून आपली मोहाची भरली. पहिल्या धारेची. आता पाय कशी पेटते."

ते पुन्हा चुलीत टाकायला निघाले, तेव्हा अजयने त्यांचा हात धरला. त्याला खरोखर रडू येत होतं. एवढा खटाटोप केला तो एका संध्याकाळच्या मानासाठी, आणि तो मान घरच्याच माणसाने झाडाच्या बुडाशी ओतला होता. दुसरी बाटली आणायची तर नागपूर गाठावं लागणार, आणि दारात प्रणितच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

जेवायला बसल्यावर प्रणितने ग्लास उजेडाकडे धरला, गोल फिरवला, त्यात नाक घातलं.

"फेस दिसून नाई राह्यला."

"हलकाच असते भाऊ त्याले," अजय कसाबसा म्हणाला.

प्रणितने घोट घेतला. त्याचे डोळे मिटले, मग उघडले, मग पाणावले.

"याले म्हंतेत वाइन," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "आंधी फुलाचा वास, मंग छातीत गरमी. इटलीच्या डोंगरातली द्राक्षं अशीच असतेत." त्याने चीजची बशी बाजूला सारून तिसरी सांबारवडी उचलली. "आन् हे सोबत. जमवनारा मानूस दर्दी हाय. वडी कोनाची?"

"माही," पुनम म्हणाली.

"आन् वाइन कोनी निवडली?"

इतक्या वर्षांत प्रथमच संधी आली होती. अजयने छाती फुगवली, तोंड उघडलं.

"तू नाई," प्रणित हसला. "तुह्या बसची गोष्ट नाई ते. काकाजी, खरं सांगा, हे तुमची करामत ना?"

सोमाजींनी अजयकडे पाहिलं. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती.

"हो बापा. माहीच हाय."

प्रणितने उठून त्यांच्या पायांना हात लावला. मग बसता बसता त्याची नजर साडूवर गेली.

"अजय, बसला काऊन? पापड आन ना."