सुभेदार आप्पांची सरहद्द

आमचे सुभेदार आप्पा सकाळी उठले की आधी शत्रूकडे बघतात, मग देवाकडे. शत्रू त्या वेळी पलीकडच्या अंगणात नळावर चूळ भरत असतो. त्याचं नाव नाना. नाना म्हणजे आप्पांचा सख्खा धाकटा भाऊ, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर.

मलकापूरच्या कडेला, जिथं घरं संपून ऊस सुरू होतो, तिथं वडिलांच्या एकाच जागेत दोघांची दोन घरं आहेत. मध्ये भिंत. ती भिंत म्हणजे माझी भाकरी. मी बिरू, फॅब्रिकेशनवाला. गेट, ग्रील, पत्र्याची शेड, असली कामं करतो. गाव माझं पार जतच्या पलीकडं, कर्नाटकाला चिकटून. आठवीत शाळा सोडली, घरची मेंढरं भावाच्या हवाली केली आणि कराडला एका वर्कशॉपात लागलो. पुढं आप्पांनी घराचा रस्त्याकडचा गाळा मला दिला. वेल्डिंग मशीनच्या कर्जाला बँकेत माझ्या शेजारी छाती काढून उभे राहिले. साहेबाला म्हणाले, "पोरगा जतचा हाय, पण सरळ हाय." या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

तरी खरं सांगतो, या माणसाचा मला लय हेवा वाटतो.

आधी वाटायचं, पेन्शनीचा असेल. मग वाटलं, त्या काळ्या लोखंडी पेटीचा असेल, जिच्यावर पांढऱ्या अक्षरांत हुद्दा आणि नाव रंगवलंय. मलाही फौजेत जायचं होतं. पण भरतीला दहावी लागते, आणि माझी आठवीसुद्धा अर्धी. हेवा नेमका कशाचा, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

दोघा भावांचं युद्ध पेटलं ते बेंदराला, बैलांच्या सणाला. आप्पा रजेवर आले होते. मिरवणुकीत घराण्याचा मानाचा बैल कुणी धरायचा, यावरून वेशीतच जुंपली. आता दोघांकडे बैल नाहीत, गोठ्यात मोटारसायकली असतात. मान मात्र अजून तसाच, वेशीत अडकलेला.

भिंत पहिल्यांदा कमरेएवढी होती. एकदा नानांनी कारल्याच्या वेलासाठी माझ्याकडून भिंतीलगत चार अँगल उभे करून घेतले. आप्पांनी लगेच बोलावलं.

"जतकर, त्ये काय उभं केलंस?"

"कारल्याचा मांडव, आप्पा."

"मांडव? गड्या, टेहळणीचं ठाणं हाय ते. खतरा कवा सांगून येत न्हाई."

महिन्याच्या आत भिंत छातीएवढी झाली. नानांचं ऊन अडलं म्हणून नानांनी वर काचा रोवल्या. आप्पांनी वर लोखंडी भाले लावले. नानांनी गेट बदललं, आतून दोन दोन अडसर. आप्पांनी काटेरी तार ओढली. दोन्हीकडची लोखंडाची कामं मीच केली. नानांच्या अंगणात टेप घेऊन गेलो की इकडं आप्पांची खुर्ची करकरायची. परत आलो की विचारायचे, "काय म्हंतोय त्यो? काय मोजलंस?" नाना काही वेगळे नव्हते. "सुभेदारसाहेबांची पुढची योजना काय?" असं विचारून वर शेंगदाण्याचा लाडू द्यायचे.

एवढ्या लढाईत एक गोष्ट सुटली होती. पेपर एकच यायचा, नानांकडं. दुपारी नाना तो भिंतीवरून इकडं भिरकावायचे. भाले लागल्यावर पेपर वर अडकायला लागला, मग आप्पा काठीनं काढायचे. आणि मग तोंड न दिसता, भिंतीच्या दोन बाजूंना उभं राहून वाद सुरू. बजेटच्या दिवसांत तर मी ग्राइंडर बंद ठेवायचो.

"वाचलं का?" नाना पलीकडून. "संरक्षणाचा खर्च पुन्हा वाढला. देशाला झेपणार आहे का हे? कुलूप सोन्याचं आणि कणगीत दाणा नाही."

"दाणा हाय म्हणूनशान कुलूप लागतंय मास्तर! बर्फात उभं राहून बघा एकदा."

"उभं राहणाऱ्याला चांगले बूट द्या, मी कुठं नको म्हणतोय? पण शेजाऱ्यानं एक घेतलं की आपण दोन, आपण दोन घेतले की त्यानं चार. हे संपणार कुठं? शाळा, दवाखाना, पाणी कशातनं करायचं?"

"अन् ह्या खर्चावर माणसं जगत्यात त्येचं काय? ह्यो जतकर बघा! माझ्या तारंवर ह्येची चूल पेटती."

"पेटते ना. पण तेच लोखंड त्याच्या गावाला पाइपलाइन होऊन गेलं असतं, तर तो इथं कशाला आला असता?"

दोघंही माझं नाव घेऊन भांडायचे आणि मी मान खाली घालून वेल्डिंगची काच डोळ्यांवर ओढायचो. काच मात्र आतून ओली व्हायची. आमच्या घरी संरक्षण म्हणजे एक कुत्रं आणि एक काठी. राखायला तरी काय होतं?

वादाचा निकाल काकी लावायच्या. काकी म्हणजे आप्पांच्या मंडळी. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती, स्वयंपाकघरावर नवा पत्रा. जुना सिमेंटचा पत्रा तडकलेला, वळीव आला की काकी चुलीवर छत्री धरायच्या. दरवर्षी उसाचं बिल आलं की आप्पा म्हणायचे, "ह्या टायमाला पत्रा पक्का." आणि दरवर्षी पत्रा सरहद्दीवर शहीद व्हायचा.

यंदा तर आप्पांनी कॅमेरा बसवला. कराडहून दोन पोरं आली, ड्रिल मारून गेली. माझ्या गिऱ्हाइकाच्या भिंतीवर परका माणूस चढलेला बघून माझा जीव जळला, ते सोडा. काकींनी ओला तवा आणून आप्पांच्या पुढ्यात आपटला.

"आवं, आत भाकरी पोहतीया. त्या कॅमेऱ्यात तेवढं दिसतंय का बघा."

"तयारी पायजे," आप्पा पुटपुटले. नजर मोबाइलवर. तोंड सरळ नानांच्या नळाकडं केलेला कॅमेरा. हातातला चहा गार.

तो चहा रोज गार व्हायचा. मी गाळ्यातून बघायचो. कप हातात, डोळे पडद्यावर, आणि मग कधीतरी एकदम घटाघट प्यायचे. मला वाटायचं, कवायत असेल.

मग एका सकाळी मी शटर अर्धं वर केलंय, तोच आरोळी आली, "जतकर! कटर आण! पळ!"

मागं जाऊन बघतो तर आप्पा भिंतीवर. पायजमा भाल्यात, सदरा तारेत, तळहात काचेनं रक्ताळलेले. ना इकडं ना तिकडं. खाली पडलेल्या मोबाइलवर नानांचं अंगण दिसत होतं, आणि नळाजवळ नाना आडवे. नानांच्या गेटला आतून दोन अडसर, मीच बसवलेले, न हलणारे.

"आप्पा, हलू नका, तार रुततीया!"

"माझं मरू दे रं! तार तोड आधी!"

मी तार तोडली. मग सत्तरी ओलांडलेला तो माणूस फाटक्या पायजम्यानिशी पलीकडं कोसळला आणि तसाच खुरडत नानांपर्यंत गेला. त्यांच्या मागून मीही उतरलो. नानांचा पाय मोडला होता, शुद्ध शाबूत होती. आप्पांनी डोकं मांडीवर घेतलं तसे नाना कण्हत म्हणाले,

"माझ्या हद्दीत कुणाला विचारून आलास?"

"गप पड."

"मी पडलोय हे तुला कसं कळलं?"

आप्पा सदऱ्यात रुतलेला तारेचा तुकडा उपसायला लागले. बोलल्या काकी, भिंतीच्या अलीकडून, तुटलेल्या तारेतून तोंड काढून.

"कसं कळलं म्हंजे? रोज बघत्यात. तुमी नळावर येऊन चूळ भरल्याबिगर ह्यांच्या घशाखाली चहा उतरत न्हाई. जाऊबाई गेल्यापासनं हेच चाललंय. आधी भिंतीवरनं मान काढून बघायचे. आता मान अवघडती म्हणून कॅमेरा."

नानांनी डोळे मिटले. आप्पा तारेला शिव्या देत राहिले.

तिथं, हातात कटर घेऊन उभा असताना, मला माझा हेवा सापडला. मला पण एक भाऊ आहे. आमचं कधी भांडण झालं नाही. भांडायला बांध लागतो, आणि आमच्या माळात वाटून घेण्याजोगं काही नव्हतं. सणावारी फोन येतो. "बरं हाय का?" "बरं हाय." मी नळावर पडलो तर जतला कधी कळेल? माझ्यावर एवढं लक्ष ठेवणारा एक शत्रूसुद्धा मला नाही.

नानांचा पाय प्लास्टरात गेला तसं आप्पांनी फर्मान काढलं, भिंत मधोमध तोड, दार बसव. भाले, तार, सगळं उतरवलं. ढीग दिसताच काकी पदर खोचून आल्या.

"बिरू, ह्यातलं एक लोखंड भंगारात गेलं तर बघ. माझ्या पत्र्याखाली घाल समदं."

पत्रा चढला. त्या दिवशी नाना खाटेवरून ओरडले, "बघा! संरक्षणात कपात झाली आणि विकास सुरू!"

"कपात न्हाई," आप्पा इकडून. "फेरतैनाती हाय."

दार तयार झालं. मी विचारलं, "आप्पा, कडी कुठल्या अंगानं लावू?"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. एवढा वेळ त्यांनी भाल्यांच्या मापालासुद्धा घेतला नव्हता.

"त्येच्या अंगानं."

"अन् तुमच्या?"

"माझ्याकडनं काय नगं. त्येला वाटंल तवा उघडंल."

कॅमेरा आता रस्त्याकडं तोंड करून आहे, त्यात शेळ्या दिसतात. आप्पा सकाळी कप घेऊन त्या दाराकडं बघत बसतात. नाना काठी टेकत येतात, कडी वाजते, आणि आप्पा कपाला तोंड लावतात. काकींनी चहा ठेवायची वेळ पुढं ढकललीय, पण अजून तो थोडा गार होतोच.

मी त्याच सुमाराला गाळा उघडतो. शटरला तेल घालायला पाहिजे, हे मला कळतं. घालत नाही. उलट जरा जोरातच ढकलतो.

"ए जतकर!" आतून आप्पा गरजतात. "बॉम्ब टाकतोस का रं सकाळसकाळी?"

"व्हय, आप्पा," म्हणतो, आणि कामाला लागतो.