कानबाईच्या गव्हात एक मूठ जास्त

"व्हयनं का?" प्रमिलाबाईंनी न्हाणीचं दार तिसऱ्यांदा वाजवलं.

"आई, डॉक्टरबाईंनी थांबायला सांगितलं होतं," आतून पुनम म्हणाली. "ते इंजेक्शन दिलं, त्याला आठवडासुद्धा झाला नाही."

"कानबाई डॉक्टरीणना करता थांबाव नही. गहू आज मोजना शेतस."

प्रमिलाबाईंचं म्हणणं अगदीच वेडं नव्हतं. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, त्यांच्या भाऊबंदकीत घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेत. पाळण्यातला मुलगा असो की खाटेवरचा म्हातारा, मूठ सारखीच. आणि देवीच्या नावाने सुपात पडलेला दाणा परत काढायचा नाही. सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण या घरची एकही मूठ वाढली नव्हती. दरवर्षी जावा सुपाकडे बघत आणि मग पुनमकडे बघत. प्रमिलाबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या, पण नजरेला काय उत्तर देणार?

दार उघडलं. पुनमच्या हातातल्या पट्टीवर दोन रेघा होत्या. दुसरी जरा फिकट.

"फिकट ऱ्हाऊ दे. पोऱ्या गोरा व्हई," प्रमिलाबाई म्हणाल्या आणि ओसरीवर गेल्यासुद्धा.

ओसरीवर सगळे भाऊबंद जमलेले. मोजायला पितांबरनाना बसलेले. भाऊबंदकीत तेच मोठे. नानांनी शेवटचं नाव घेतलं, तेवढ्यात प्रमिलाबाईंनी गोणीत हात घालून आणखी सव्वा मूठ सुपात टाकली.

"ही कोनी वं?"

"येनारानी," त्या म्हणाल्या, आणि एकेका जावेकडे सावकाश बघून घेतलं. सहा वर्षांचं बघणं एका दमात फेडलं.

इथवर ठीक होतं. पण पुनमचा नवरा नवल आनंदाने बावचळला. त्याने थेट धुळ्याला डॉक्टरबाईंना फोन लावला, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"मॅडम, दोन रेघा आल्या!"

"इतक्यात कशाला बघितलं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "गर्भ राहिल्यावर अंगात जे तयार होतं, तेच आपण दिलेल्या इंजेक्शनात असतं. पट्टी तेवढंच ओळखते. आत्ता दिसतंय ते इंजेक्शनचंही असेल."

प्रमिलाबाईंनी फोन ओढून घेतला.

"बाई, मांगला महिनामा तिले टायफॉइड व्हयेल व्हता. गोळ्या खादल्यात. त्यानी तं काही बिघडनं नही ना?"

"नाही, आजी. त्या तापाने नाही, त्या गोळ्यांनीही पट्टी फसत नाही. हे इंजेक्शन मात्र फसवतं. दिलेल्या तारखेला रक्त तपासू, मग कळेल. आशा सोडू नका, पण आत्ता मोजूही नका."

मोजून तर झालं होतं.

दाराआड पुनम पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. पट्टी अजून मुठीतच. नाना खाकरले.

"प्रमिला, मूठ तं पडी गयी. काढता येत नही. मंग कोनी धरानी?"

प्रमिलाबाईंनी सुपाकडे बघितलं. मग दाराकडे.

"पुनमनी."

"बायासनी मूठ कधी ऱ्हास का?"

"गहू निवडस कोन, नाना? दळस कोन? चुलापुढे भाजाई निंघस कोन? आनी मोजाना टाइमले नुसता धोतरं मोजतस." त्यांनी सूप पुढे ओढलं. "आनी कानबाई काय बुवा शे का?"

नानांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. कानबाई बुवा नाही, हे त्यांनाही मान्य करावं लागलं. जावांपैकी एक खुदकन हसली, आणि पहिल्यांदाच ते हसणं पुनमवर नव्हतं.

पुनम बाहेर आली. पट्टी कमरेला खोचली, गोणीशी बसली आणि मूठभर गहू सुपात टाकले.

"आते ही कोनी?" नानांनी कपाळाला हात लावला.

"आईंची," पुनम म्हणाली. "त्या लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हापासूनची राहिलीय."

निवडून झालेले गहू प्रमिलाबाई उगाच पुन्हा निवडू लागल्या, मान खाली घालून.

"सव्वा लागस," त्या पुटपुटल्या. "पाव मूठ कमी टाकी तू. सासूले उपाशी मारशी का?"