दोन दिवस जेवणारे आजोबा

माझं अक्षर किरटं, शाळा चौथीपर्यंतच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर माफ करा. पण शेजारच्या नानाजींबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं. त्यांच्या घरी दरवर्षी एक माणूस लागोपाठ दोन दिवस जेवायचा, आणि तो मेलेला होता.

तो म्हणजे नानाजींचे चुलत आजोबा. कळंबहून कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला गेले, तिथून एका गोऱ्या व्यापाऱ्याचे नोकर म्हणून फ्रान्सला. पहिलं महायुद्ध लागलं तसे तिथल्याच पायदळात भरती झाले. एवढं घरी कळवून जे गप्प झाले ते कायमचे. आता पितृपक्षात त्यांचं पान वाढायचं कधी? शस्त्राने मेलेल्याचं चतुर्दशीला, तिथी ठाऊक नसलेल्याचं अमावास्येला. नानाजी दोन्ही दिवशी वाढायचे. एकटा पुरुष, बायको नाही की पोरंबाळं नाहीत, त्यात दोनदा वडे तळायचे. आमच्या घरापर्यंत धूर यायचा.

नानाजी तहसील कचेरीत जुनी कागदपत्रं सांभाळून निवृत्त झालेले. "पुरावा?" हा त्यांचा आवडता शब्द. भाजीवाली मेथी ताजी आहे म्हणाली तरी, "पुरावा?" एकदा ती चिडून म्हणाली, "गाईले खाऊ घालून पाहा." त्यांनी खरंच घातली. गाय अख्खी जुडी खाऊन गेली, पैसे नानाजींना द्यावे लागले.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. चहाच्या टपरीवर दुसरा विषय नसायचा. आमचे हे येऊन सांगायचे. कोणीतरी विचारायचं, "काय नानाजी, सरकार काय म्हणून राह्यलं?"

"तीनदा लिहिलं. उत्तर नाही."

"कापसाचं?"

"आजोबाचं. फ्रान्सच्या सरकारले."

दर आठवड्याला ते एसटीने यवतमाळला जायचे. तिथला नेट कॅफेवाला त्यांची मराठी कशीबशी फ्रेंचमध्ये करून पाठवायचा. परत आले की आमच्या अंगणात उभे राहून हकीकत सांगायचे. मी दाराआडून "हो" म्हणायची.

"सूनबाई, आजोबा खंदकातच पडले असतीन. हातात संगीन, समोर जर्मन." त्यांच्या मनात चतुर्दशी केव्हाच ठरली होती. फक्त पुरावा नव्हता.

शेवटी उत्तर आलं. नाव सापडलं, पलटणही सापडली. नानाजी अंगणात आले ते पायरीवर बसूनच राहिले.

"सैपाकी होते," ते म्हणाले. "लढाई सरेपर्यंत पलटणीचं रांधलं. मंग तिथंच लग्न केलं. म्हातारे होऊन खाटेवरच वारले, तारीखबी लिहून आली. पोरं हायेत, नातू हायेत."

"बरं झालं ना," मी म्हणाले. "तिथी कळली. आता एकच दिवस सैपाक."

"आता कायले? त्याईचे लोक हायेत तिथं. मले वाटे, बिचाऱ्याले कोणीच नाही."

त्या पितृपक्षात चतुर्दशीला त्यांच्या घरातून धूर आला नाही.

अमावास्येला आमच्याकडे सासऱ्यांचं पान असतं. त्यांच्या नावाने एखादा वडीलधारा माणूस जेवायला बसवतात. मी यांना म्हटलं, यंदा नानाजींना बोलवा. नानाजी धुतलेलं धोतर नेसून आले आणि पाटावर बसता बसता म्हणाले, "जित्तेपणी पितर होऊन राह्यलो मी. भाव मिळाला म्हणायचा."

हे हसले. नानाजीही हसले, पण पान पुढे आल्यावर मान खाली घालून जेवायला लागले. मी वाढत होते. त्यांना आपणहून काही विचारायची माझी ही पहिलीच वेळ.

"नानाजी, तुमाले काय काय आवडते ते सांगून ठेवा. माह्या लक्षात राहीन."

त्यांचा हात पानावरच थांबला. मला वाटलं, चुकलंच आपलं. मी भांडं उचलून आत निघाले.

"कढी," मागून ते म्हणाले. "पण लय आंबट नको. अन् वडे दोनच ठेवजा, सूनबाई. तिसरा मले सोसत नाही."