सगुणाचा सत्कार

मुलांनो, ज्याला हात नाहीत, पाय नाहीत, पोटसुद्धा नाही, असा पाहुणा कधी तुमच्याकडे उतरलाय का?

एका जंगलात मुंग्यांचं एक वारूळ होतं. तिथे सगुणा नावाची मुंगी होती. तिला एकच काम. कोणी परका आत शिरला, की भिंतीवर डोकं आपटायचं. तो आवाज ऐकून शेजारची वारुळं आपापली दारं लावून घ्यायची. सगुणाची धाकटी बहीण शेजारच्याच वारुळात दिलेली होती. त्यामुळे सगुणा हे काम फार मनापासून करायची.

एके दिवशी वाऱ्यानं एक मिशीवालं टरफल दारात आणून टाकलं. आत पानाची एक पट्टी होती आणि पट्टीवर काहीतरी लिहिलेलं होतं. पाहुणा म्हणजे एवढाच.

दारावर ठमाबाई होती. ती तोंड बघून कोणाला ओळखत नसे. मिशांना मिशा जुळल्या की तो आपला. टरफलाच्या मिशा तिच्या मिशांत अगदी चपखल बसल्या.

"या, दमला असाल," ठमाबाई म्हणाली.

"दमायला पाय कुठे आहेत मला?" पाहुणा म्हणाला.

"अगंबाई. मग उचलूनच नेते."

तिनं त्याला थेट कारखान्यात नेऊन ठेवलं. कारखाना अनुसयामावशी बघायची. तिथे रोज राणीची पट्टी यायची आणि पट्टीवर असेल ते बनायचं. पट्टी कोणाची, हे विचारायची पद्धत नव्हती. विचारण्यात कामाचा खोळंबा होतो.

सगुणा धावत आली. "मावशी, ही पट्टी राणीसाहेबांची नाही."

"अक्षर बघ किती स्वच्छ आहे," मावशी म्हणाली. "पहिली ओळ, एक शाल विणा. घेतलीसुद्धा विणायला."

सगुणा भिंतीकडे वळली. तोवर शाल तयार झाली होती.

"सगुणाताईंच्या दक्षतेबद्दल हा छोटासा सत्कार," पाहुणा म्हणाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शाल सगुणाच्या डोक्यापासून सहाही पायांपर्यंत घट्ट बसली, जणू तिच्याच मापाची.

"मला भिंतीपाशी जायचंय," ती शालीतून म्हणाली. "माझी बहीण आहे पलीकडे."

"आभारप्रदर्शन होईपर्यंत उठू नये गं. बरं दिसत नाही," मावशी म्हणाली.

सगुणा बसून राहिली. खरं सांगायचं तर तिला थोडं बरंही वाटलं. आजवर तिला कोणी शाल दिली नव्हती.

पट्टीची दुसरी ओळ होती, अशीच टरफलं बनवा आणि प्रत्येकात या पट्टीची नक्कल घाला. मुंग्या अशा काही कामाला लागल्या, की राणीला दाणा द्यायचंही राहून गेलं. संध्याकाळी वारूळ टरफलांनी ठासून भरलं. भिंतींना तडे गेले. पाहुणा आभार मानायला लागला आणि छप्पर उडालं. खाली सगुणा शालीसकट मातीत गेली. भिंतीवर डोकं आपटल्याचा आवाज काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या वारुळाच्या उघड्या दारात चारशे टरफलं आली आणि सगुणाच्या बहिणीनं त्यांच्यासाठी सतरंज्या घातल्या.

तात्पर्य: पाहुणा म्हणून जायचं, तर कष्टाळू आणि शिस्तीच्या लोकांकडेच जावं. आळशी लोकांकडे आपल्याला काम करावं लागतं.