रोज नऊ चाळीसला

आठवणी लिहायच्या म्हणून नोंदसाहेबांनी निवृत्तीनंतर काँप्युटर घेतला. दुसऱ्याच महिन्यात कुठलंसं भलतं बटण दाबलं गेलं आणि पडद्यावर लॉग उघडला. यंत्र कधी चालू झालं, कुठे अडखळलं, कधी बंद पडलं, सगळं सेकंदासकट. पस्तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला गहिवरून आलं. कुणी न सांगता, कुणाची सही न मागता, कुणीतरी नोंदी ठेवत होतं. आठवणी बाजूला पडल्या.

नोंदी मात्र हजारो. मग त्यांना फिल्टर सापडला.

"चहाची गाळणी असते ना, तसं," त्यांनी बायकोला समजावलं. "हवं ते वर राहतं, नको ते खाली जातं."

"चहात उलटं असतं," बायको म्हणाली आणि आत गेली.

नोंदसाहेबांनी फक्त 'चालू झालं' एवढ्याच ओळी गाळून घेतल्या आणि ते खुर्चीत ताठ बसले. काल नऊ चाळीस. परवा नऊ चाळीस. महिनाभर रोज नऊ चाळीस. ते स्वतः बसायचे दहाच्या ठोक्याला. समोर भिंतीवर घड्याळ होतं, त्याखाली ऑफिसने दिलेली 'वक्तशीर कर्मचारी' ही ढाल. नऊ चाळीसला ते अंघोळीत असत. बायको स्वयंपाकघरात. बाहेरच्या खोलीत यंत्रापाशी एकटा राहिला तो मेहुणा. दाताच्या उपचारासाठी महिन्यापूर्वी आलेला.

"माझ्या यंत्राला हात लावतोस?"

"भावोजी, मी पेपर वाचतो."

"पासवर्ड कसा कळला?"

"तुम्हीच चिकटवलाय की." पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी होती : 'पासवर्ड कुणालाही सांगू नये.' त्याखाली पासवर्ड.

"म्हणजे वाचलास."

मेहुण्याने पेपरची घडी घातली. "ताई, माझी बॅग कुठंय?"

"उरलेली दाढ कुठे काढणार आहेस?" बायकोने भावाला विचारलं, पण बघितलं नवऱ्याकडे. त्या दिवशी घरात बोलणं झालं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मेहुणा निघायच्या तयारीत होता. नोंदसाहेबांच्या मनात मात्र एक किडा वळवळत होता. पुरावा कागदावर पक्का होता, पण प्रत्यक्ष पाहणी झाली नव्हती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अंघोळीला दांडी मारली आणि साडेनवापासून यंत्रासमोर ठाण मांडलं. समोर मेहुणा, पायाशी बॅग. दारात बायको. भिंतीवर नऊ चाळीस झाले. कुणी हललं नाही. यंत्र काळंठिक्कर.

दहा वाजता नोंदसाहेबांनी स्वतः बटण दाबलं, लॉग उघडला, फिल्टर लावला. पहिलीच ओळ : आज, नऊ चाळीस.

"हे कसं शक्य आहे?" त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "मी डोळ्यांत तेल घालून बसलोय. बंद यंत्र आपोआप चालू झालं?"

"आपोआप कुठे? आत्ता तुम्हीच केलंत," मेहुणा म्हणाला.

"आत्ता दहा वाजलेत."

मेहुण्याने मनगट पुढे केलं. नऊ बेचाळीस. नोंदसाहेबांनी हळूच चिठ्ठी सोलली. तिच्याखाली पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राची वेळ होती. तीही नऊ बेचाळीस. मग तिघांनीही भिंतीकडे बघितलं. म्हणजे दोघांनी. बायको जमिनीकडे बघत होती.

"कधीपासून?" नोंदसाहेबांनी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून," ती म्हणाली. "उशिरा जाता म्हणून तुम्हाला मेमो मिळाला होता. जेवला नव्हता त्या रात्री. मग मी घड्याळ वीस मिनिटं पुढे केलं."

पस्तीस वर्षं नोंदसाहेब ऑफिसच्या बंद दारापाशी उभं राहून कुलूप उघडणाऱ्या शिपायाला वक्तशीरपणावर व्याख्यान देत आले होते. ऑफिसचं घड्याळ मागे आहे, असे त्यांनी वरती चार अर्ज केले होते. चारही अर्जांची जावक नोंद त्यांच्याच अक्षरात होती.

"बॅग आत ठेव," ते मेहुण्याला म्हणाले. "दाढ काढल्याशिवाय जायचं नाही." मग ते स्टूल घेऊन घड्याळापाशी गेले.

"राहू द्या," बायको म्हणाली. "मागे केलंत तर रोजचा उशीर होईल. आज अंघोळही राहिलीय."

ते खाली उतरले आणि अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर घड्याळ तसंच होतं, वीस मिनिटं पुढे. ढाल मात्र तिथे नव्हती. ती स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर, पुसून ठेवलेली सापडली. कुणी ठेवली, किती वाजता, याची नोंद कुठल्याही लॉगमध्ये नाही.