डॉ. राजमती मगदूम यांचे जिवंत असणे : एक ऐतिहासिक त्रुटी

शास्त्रज्ञाने आपल्या चरित्रपटाआधी मरावे, हा सार्वजनिक शिस्तीचा भाग आहे. मेलेला शास्त्रज्ञ हरकत घेत नाही, पहिल्या खेळाला साधी सुती साडी नेसून येत नाही, आणि मध्यंतरात शेजारच्याला "असं काही झालंच नव्हतं" असे सांगत बसत नाही. सांगलीजवळच्या एका गावात राहणाऱ्या डॉ. राजमती मगदूम यांनी हा साधा संकेत पाळला नाही. सत्तरी उलटल्यावरही त्या धडधाकट राहिल्या, आणि पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला.

बाईंचे संशोधन खरोखर मोठे होते. फक्त ते दिसायला बरे नव्हते. पावसाळ्यात हळदीचा कंद जमिनीतच कुजतो, त्या कुजीमागे त्यांनी उमेदीची वर्षे घालवली. रानोरान हिंडून त्या कुजके कंद पिशवीतून घरी आणत. (त्या वासामुळे घरी पाहुणे येत नसत, हा या संशोधनाचा एक उपलाभ.) शेवटी त्यांनी दाखवून दिले की, औषधाआधी पाण्याचा निचरा. उतार बघून चर काढा, वाफ्यात पाणी साचू देऊ नका, कूज आटोक्यात येते. एवढेच. शेतकऱ्यांनी चर काढले आणि हळद वाचली. पण चर कॅमेऱ्यासमोर काहीच करत नाही. तो नुसता असतो.

पुण्याहून जयराज नावाचे दिग्दर्शक आले, तेव्हा त्यांची हीच अडचण झाली. बाईंनी त्यांना बांधावर नेऊन एक चर दाखवला. जयराज बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"छान आहे," ते म्हणाले. "पण याचा क्लायमॅक्स कुठाय?"

"क्लायमॅक्स नाही. उतार आहे," बाई म्हणाल्या.

जयराज यांनी मग क्लायमॅक्सची सोय स्वतःच केली.

'हळदीची ज्वाला' पाडव्याला लागला. बाई आणि त्यांचे यजमान जिनपालराव सांगलीच्या थिएटरात मधल्या रांगेत बसले. चित्रपटाची बलस्थाने आधी सांगितली पाहिजेत. नायिका देखणी होती. बाईंनी हे मोकळ्या मनाने मान्य केले. हळद पिवळी होती. आणि एक प्रसंग असा होता की, नायिकेचे वडील प्रयोगशाळेच्या दारात येतात, डोक्यावरची टोपी काढतात आणि म्हणतात, "पोरी, जिंकलीस!" बाईंचे वडील प्रयोगशाळेत कधी आलेच नव्हते. लेकीने कुजकी हळद हुंगत गावोगाव फिरावे, याची त्यांना शेवटपर्यंत लाज वाटली. अंधारात बाईंनी पदराने डोळे टिपले. ही ऐतिहासिक त्रुटी चित्रपटाची की वडिलांची, हे ठरवणे अवघड आहे.

आता उरलेल्या त्रुटी. कृष्णाकाठी पाणी फार, त्यामुळे दुःख उठून दिसत नाही, म्हणून बाईंचा जन्म दुष्काळी माण तालुक्यात हलवण्यात आला. (तिथे हळदीपेक्षा मेंढ्या जास्त, हे लक्षात आले तोवर मेंढ्या ठरवून झाल्या होत्या.) फाजील पाण्याने होणाऱ्या रोगाचे संशोधन अशा रीतीने भेगाळलेल्या जमिनीवर पार पडले. प्रयोगशाळा वाईच्या घाटावर होती, कारण तिथे गाणे चांगले होते. शोध लागला तो विजेच्या कडकडाटात : काचेच्या बरणीतले सोनेरी द्रावण आपोआप उजळले आणि नायिका "सापडलं!" म्हणून किंचाळली. शेवटी कोयनेच्या भूकंपात, बरणी छातीशी धरून, तिने प्राण सोडला. तो भूकंप झाला तेव्हा खऱ्या राजमतीबाई परकर-पोलक्यात शाळेत जात होत्या.

"अहो, मी मेले," बाई कुजबुजल्या.

"गप बसा की आवं," मागून कुणीतरी हुंदका गिळत म्हणाले. "रडू द्या जरा."

पण सर्वांत मोठा बदल जिनपालरावांत झाला होता. त्यांचे भांड्यांचे दुकान होते, आणि बाई रानात असल्या की ते दुपारी दुकान बंद करून सायकलवरून डबा पोचवत. डबा पोचवणारा नवरा पडद्यावर दोन मिनिटेही टिकत नाही, असे जयराज यांचे मत पडले. म्हणून पडद्यावरच्या जिनपालला झुबकेदार मिशा आणि चाबूक देण्यात आला. मध्यंतराच्या आधी तो बायकोला खोलीत कोंडतो. ती आतून दार बडवत काहीतरी ओरडते. काय ते ऐकू येत नाही, कारण त्या वेळी किमान चाळीस व्हायोलिने वाजत असतात.

बाहेर पडल्यावर जिनपालराव म्हणाले, "मी तुला कवा कोंडलं गं?"

"कधीच नाही. मीच एकदा तुम्हाला कोंडलं होतं. तुम्ही आत झोपला होता, आणि मी बाहेरनं कुलूप लावून रानात गेले."

"ते दाखवलं न्हाई," ते जरा खट्टू होऊन म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून दूध घालणाऱ्या बयाबाईने त्यांच्या हातातल्या पातेल्यात दूध ओतायचे बंद केले. "बाईस्नी पाठवा," ती दुसरीकडे बघत म्हणे. "तुमाला बघितलं की माझं हात थरथरत्यात." जिनपालरावांनी उभ्या जन्मात मुंगी मारली नव्हती, जैन धर्माची त्याला मनाईच होती. त्यांनी पातेले बाईंच्या हातात दिले आणि आत जाऊन बसले.

इथपर्यंत सगळे गमतीचे होते. मग बाजारात सोनेरी द्रावण आले. बाटलीवर नायिकेचा फोटो होता आणि आत काय होते ते कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे शंका घ्यायला जागा राहिली नाही. द्रावण आल्यावर चरांचे काय काम? लोकांनी चर बुजवले. तेवढ्या पट्टीत दोन सऱ्या जास्त निघाल्या.

आषाढात पावसाने झोड उठवली. बाईंच्या शेजारच्या भाऊसोने औंदा सगळे रान हळदीला लावले होते. बाई बांधावर उभ्या राहिल्या तर वाफ्यांत गुडघ्याएवढी पाने पाण्यात उभी, आणि कडेची पिवळी पडत चाललेली. त्यांनी एक रोप उपटले, कंद दाबला. बोट आत गेले. वास ओळखीचा होता.

"भाऊसो, चर कुठं गेला?"

"बुजवला की, काकू. चार बाटल्या वतल्यात. पिच्चरमधल्या बाईनी कुठं चर काढला?"

"पिच्चरमधली बाई म्हणजे मीच रे."

"व्हय," भाऊसो अदबीने म्हणाला. "पर लय वर्सं झाली न्हवं? तुमी इसरला असाल."

बाई घरोघर गेल्या. प्रत्येक घरी चहा मिळाला, पाया पडणे झाले, आणि "तुमी किती सोसलंय" असे म्हणत बायका रडल्या. चराबद्दल मात्र कुणी काही बोलले नाही. आयुष्यभराचे काम कुणी खोडून काढले असते तर त्या भांडल्या असत्या. इथे तर लोक त्याची आरती ओवाळत होते आणि पिकाला बुडवत होते.

त्याच आठवड्यात सांगलीत परिसंवाद ठेवला गेला. विषय होता, "हळदीची ज्वाला : बलस्थाने व ऐतिहासिक त्रुटी". अध्यक्षस्थानी इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक धैर्यशील सर. शेवटी द्रावणाच्या बाटल्या वाटणार असल्याने गावोगावचे शेतकरी टेम्पो भरून आले होते. बॅनरवर नायिकेच्या फोटोखाली "कै. डॉ. राजमती मगदूम" असे लिहिले होते. राजमतीबाईंना सातव्या रांगेत जागा मिळाली.

एका वक्त्याने घाटावरच्या गाण्याचे सामाजिक अंग उलगडून दाखवले. दुसऱ्याने मेंढ्यांच्या अस्सलपणाबद्दल निर्वाळा दिला. तिसऱ्याने मिशा त्या काळाच्या मानाने दोन बोटे जास्त लांब असल्याची गंभीर त्रुटी नोंदवली. मग श्रोत्यांना संधी देण्यात आली आणि बाई उठल्या.

"मी माणची नाही. मी मेलेले नाही. असलं कुठलंही द्रावण मी काढलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमची हळद कुजते आहे. बाटल्या फेका आणि आज घरी जाऊन चर काढा."



"बाईंच्या भावनांचा आम्ही आदर करतो," धैर्यशील सर सौम्यपणे म्हणाले. "पण संशोधनाची एक शिस्त असते. चरित्राच्या बाबतीत खुद्द चरित्रनायिकेचं म्हणणं तटस्थ मानता येत नाही. त्यांचा त्यात वैयक्तिक संबंध आहे."

टाळ्या पडल्या. भाऊसोनेही वाजवल्या; मग बाईंकडे लक्ष गेल्यावर त्याने हात खिशात घातले. बाई खाली बसल्या. आपण खरेच भूकंपात गेलो असतो तर सगळ्यांनाच सोयीचे झाले असते, असे त्यांना पहिल्यांदा वाटले.

तेवढ्यात शेजारी खुर्ची वाजली. जिनपालराव उभे राहिले होते.

"मी जिनपाल मगदूम," ते म्हणाले. "हिचा नवरा. हिला कोंडणारा."

सभागृहाने एकदम श्वास आत घेतला. पाठीमागून "मुडदा बशिवला तुजा!" असा बयाबाईचा आवाज आला.

"व्हय. मीच कोंडली हिला," जिनपालराव म्हणाले. सबंध आयुष्यात त्यांनी एवढ्या लोकांसमोर तोंड उघडले नव्हते. "दार बडवून ही काय वरडत हुती, ते तुमाला पिच्चरमधी ऐकू आलं न्हाई. बाजा वाजत हुता. मला ऐकू येत हुतं. मी दाराभाईर हुतो."

"काय म्हणत हुत्या?" भाऊसोने उठून विचारले.

"चर काढा, म्हणत हुती. सारखं तेच. लोकास्नी सांगा, हळदीत चर काढा. आन् मी पापी माणूस, कुणाला बोललो न्हाई."

पहिली चप्पल जिनपालरावांच्या डोक्यावरून व्यासपीठाकडे गेली. ती धैर्यशील सरांना लागली, पण ती अनवधानाने. बायका रडत होत्या. "मरता मरता बी आमचा इचार केला माऊलीनं," असे म्हणत भाऊसो दाराकडे धावला, आणि त्याच्यामागे टेम्पोच्या टेम्पो भरून गावांकडे निघाले. बाटल्या खोक्यांतच राहिल्या.

दोघे रिक्षात बसले. जिनपालरावांच्या सदऱ्यावर कुणाच्या तरी चपलेचा चिखलाचा तळवा उमटला होता.

"तुम्ही धडधडीत खोटं बोललात," बाई म्हणाल्या.

"आन् तू पाडव्यापास्नं खरं बोलतीयास," ते म्हणाले. "कुणी ऐकलं?"

बाईंनी पदराचे टोक ओले करून तो तळवा पुसायला घेतला. तो आणखी पसरला.

दोन दिवसांत पंचक्रोशीत चर निघाले. पाणी वाहून गेले आणि बरीचशी हळद तगली. भाऊसोची अर्ध्याहून जास्त. वर्तमानपत्रात "खलनायकाची कबुली" अशी चौकट आली. जिनपालरावांना आता पारावर कुणी बसू देत नाही. बाई अजूनही घरोघर जाऊन सांगतात की, ते देवमाणूस आहेत, त्यांनी मला कधी कोंडले नाही. लोक माना हलवतात आणि नंतर एकमेकांना म्हणतात, "बगा, अजून त्येला पाठीशी घालतीया."

राजमतीबाईंनी हळदीतल्या निचऱ्यावर सोप्या मराठीत दोन पाने लिहून गावच्या वाचनालयात ठेवली आहेत. ती फुकट आहेत आणि या कथेपेक्षा पुष्कळ छोटी आहेत. अद्याप कुणी त्यांना हात लावलेला नाही. आपण सुशिक्षित वाचक आहात, खेड्यातल्या लोकांच्या या अनास्थेचे आपल्याला वाईट वाटत असेल. वाचनालय सकाळी उघडे असते. पण आपण कशाला येता तिथवर? आपल्याला तर गोष्ट कळली.